चेफालूच्या गल्लीतली हाक

कोथरूड, ३ जुलै २०२५

हिंमतराव,

सप्रेम जयभीम. यावर तुम्ही मान डोलावून म्हणता, "_____."

सृष्टी, इथे थांब. जिथे जिथे मी रेघ ओढली आहे तिथे थांबायचं. त्या बोलणं शिकवणाऱ्या बाईंनी तुला सांगितलं ना, की माणसाला त्याच्या ओळखीची गोष्ट सांगायची आणि शेवटचा शब्द त्याच्यासाठी ठेवायचा? तशीच लिहिते आहे. त्यांच्या तोंडाकडे बघ. ओठ वाकडे होतील, लाळ येईल, लगेच पुसायला धावू नकोस. नाहीच आला शब्द, तर तूच "रामराम" म्हण आणि पुढे चल.

मी सगळी नोकरी ट्रंक एक्स्चेंजमध्ये काढली. तुला काय माहीत असणार म्हणा. परगावी फोन लावायचा तर तो आधी आमच्याकडे नोंदवायचा, मग आम्ही दोन टोकं जोडून द्यायचो. साताऱ्यात बायको रडतेय, मुंबईत नवरा खोकतोय, आणि मध्ये कानाला यंत्र लावून मी. नियम एकच. लाइन जोडायची, मध्ये तोंड घालायचं नाही, आणि ऐकलं ते ऐकलं नाही असं समजायचं. सासऱ्यांना माझं पत्र वाचून दाखवते म्हणालीस, तेव्हा आता ऑपरेटर तू. जमेल तुला.

हं, हिंमतराव. कसे आहात असं विचारत नाही. उजवा हात अजून तसाच, समजतं सगळं, शब्द मात्र निघत नाही, एवढं सृष्टीने कळवलंय. मला तिथे यायची बंदी आहे हे तुम्हाला माहीत आहे का? फोनवरही बंदी. मागे तिने फोन तुमच्या कानाला लावला, माझा आवाज ऐकून तुम्ही उठायला गेलात आणि पलंगावरून खाली आलात. कपाळाला टाके पडले. तेव्हापासून तुमच्या अभिनवच्या घरात माझा आवाज म्हणजे विषारी औषध झालाय. जन्मभर आवाजावर भाकरी कमावली आणि शेवटी ही किंमत.

तुमच्या मुलाने मला जिन्यातच सांगितलं. "काकू, बाबांनी स्वतःच्या तोंडाने म्हणू देत की त्यांना तिकडे जायचंय. मी स्वतः गाडीत बसवून कोथरूडला आणून सोडतो." वकिलाच्या वरताण अट आहे. ज्याची वाचा गेली त्याने बोलून दाखवायचं! पण त्याने शब्द दिलाय, आणि तुमचा मुलगा आहे, पाळेल. म्हणून हा सगळा खटाटोप. मला तुमच्याकडून एकच शब्द हवा. "घरी" म्हणा, "कोथरूड" म्हणा, माझं नाव घ्या. काहीही चालेल, पण अभिनवच्या समोर म्हणा.

सृष्टी, तुलाही कोणी धड सांगितलं नसेल. तुझ्या सासूबाई, कौशल्याबाई, गेल्यावर हे अकोल्याहून तुमच्याकडे हिंजवडीला आले. तुम्ही दोघं दिवसभर ऑफिसात, हे बाराव्या मजल्यावर खिडकीत. कंटाळून माझ्या कोथरूडच्या टेकडीपर्यंत बसने फिरायला यायचे. तिथे ओळख झाली. मी विधवा, मूलबाळ नाही, तोंड मात्र चालतं. पुढे माझ्याच दोन खोल्यांत आम्ही एकत्र राहिलो. लग्न केलं नाही, कारण या वयात कोण विचारतंय असं वाटलं. विचारतात. दवाखान्याच्या दारात विचारतात, तुम्ही पेशंटच्या कोण.

असो. गोष्ट आपल्या दोघांनाच माहीत असलेली हवी, म्हणून चेफालू.

गेल्या ऑक्टोबरात आपण टूरबरोबर सिसिलीला गेलो, तिथलं समुद्रकाठचं गाव. छापील कार्यक्रमात त्या दिवशी लिहिलं होतं, "विश्रांतीचा दिवस". पुणेकरांना विश्रांती म्हणजे फसवणूक वाटते. त्यातून पाऊस असा, की समोर समुद्र आहे यावर नुसता विश्वास ठेवायचा. खिडकीबाहेर कोणी ओलं धोतर वाळत टाकलंय असं पांढरं. सगळ्यांनी मिळून बस ठरवली आणि पालेर्मोला खरेदीला निघाले. टूरमधल्या राधाताई आपल्या दारावर थाप मारून गेल्या, "अहो कौशल्यावहिनी, चला की! खोलीत बसून काय करणार दोघं?" मी म्हटलं, गुडघा. तुम्ही आतून ओरडलात, "बीपी!"

कौशल्यावहिनी म्हणजे मी. ते का, ते पुढच्या पत्रात. आधी सृष्टीला घोटभर पाणी पिऊ दे.

बस गेली. हॉटेल सामसूम झालं. तुम्ही खोलीतल्या किटलीत पाणी उकळलं आणि पाकिटातल्या कोरड्या पोह्यांवर ओतलं. चव घेतलीत आणि तोंड वाकडं केलंत. म्हणालात, "लिंबाच्या देशात येऊन बिनलिंबाचे पोहे कायले खायचे?" मी म्हटलं, बाहेर पाऊस आहे. तुम्ही म्हणालात, "पडून राहिला तर पडू दे." आणि छत्री न घेता जिना उतरलात. काय आणायला उतरलात? "_____."

प्रेमला


कोथरूड, १४ जुलै

हिंमतराव,

सप्रेम जयभीम. "_____."

लिंबू काही म्हणाला नाहीत. सृष्टी म्हणते, "लिं" असं काहीतरी आलं, पण ते "हं"ही असेल. मी "लिं" धरलं आहे. पोरी, तू "हं" धरू नकोस. आणि डोळ्यांतून पाणी आलं म्हणालीस, तर येऊ दे. ते सगळ्यांसमोर रडत नसत, आता रडतात ही सुधारणाच म्हणायची.

लिंबू आणायला गेल्यावर काय झालं ते मी राखून ठेवते. पोरं जेवताना गोड शेवटी ठेवतात तसं. आज नावाचं सांगते.

विमानतळावर राधाताईंनी आपल्याला गाठलं होतं. मूळच्या अमरावतीच्या, हल्ली कर्वेनगरला. "देशमुख म्हणजे अकोल्याचेच ना? सुखदेवरावांचे चुलतभाऊ? अय्या, मग या कौशल्यावहिनी! नाव फार ऐकलंय तुमचं." कौशल्याबाई जाऊन वर्षं झाली हे बाईंच्या गावीही नव्हतं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, बॅगेकडे पाहिलंत, आणि म्हणालात, "हो."

झालं. त्या एका "हो"वर मी अख्खी टूर कौशल्या झाले. बसमध्ये कौशल्यावहिनी, जेवणाला कौशल्यावहिनी. चारचौघांत तुम्हालाही तसंच म्हणावं लागायचं. "कौशल्या, चष्मा कुठे ठेवला?" पहिल्या दिवशी तुमची जीभ अडखळायची. नंतर सरावली. मी मुकाट ओ द्यायची.

सृष्टी, तुला हे वाचताना कसंतरी होत असेल. तुझ्या सासूबाईंचं नाव. मी मागितलं नव्हतं गं, अंगावर टाकलं गेलं. त्यांनी तरी काय सांगायचं होतं? ही प्रेमला ओव्हाळ, माझ्याबरोबर राहते? "राहते"वर एक भुवई वर, आणि "ओव्हाळ"वर दुसरी. अकोल्याला बातमी आमच्या विमानाच्या आधी पोचली असती. हिंमतराव घाबरले. धरणाच्या भिंतीवर उभं राहून मंत्र्याशी भांडलेला माणूस राधाताईंना घाबरला.

त्या विश्रांतीच्या दिवशी मात्र सबंध गावात आपल्याला ओळखणारं कोणी नव्हतं. दुपारी पाऊस जरा निवळला तशी आपण बाहेर पडलो. रस्त्याच्या खाली पायऱ्या उतरून ते धुण्याचं ठिकाण होतं, आठवतं? दगडी कुंड्या, आणि भिंतीतून ओळीने सिंहांची तोंडं, त्यांतून धो धो पाणी. गावातल्या बायका पिढ्यान् पिढ्या तिथे कपडे धुवायच्या म्हणे. तुम्ही पाटबंधारे खात्याचे, लगेच सुरू झालात. पाण्याला उतार कसा दिलाय, गाळ कसा बसत नाही. मी विचारलं, "इथे कोणीही येऊन पाणी घेत असेल का हो? कोणीही?"

तुम्ही बोलता बोलता थांबलात. मग म्हणालात, "घे."

मी ओंजळ धरली. थंडगार पाणी, दात ठणकले. घटाघटा प्यायले. मग तुम्ही म्हणता, "अवो, कपडे धुवायचं पाणी हाय ते!" मी हसत सुटले. पुन्हा ओंजळ भरली आणि तुमच्यासमोर धरली. तुम्ही टोपी काढलीत, वाकलात, आणि माझ्या ओंजळीतून "_____."

थांबलीस का, सृष्टी?

तुझा नवरा माझ्या घरी पहिल्यांदा आला तेव्हा मी चहा टाकत होते. नको म्हणाला, पित्त होतं. मग पाणी दिलं, तर तेही नको. पाण्याने पित्त होतं हे मला त्या दिवशी कळलं. हिंमतरावांनी त्याचा पेला उचलला आणि त्याच्या देखत एका दमात संपवला. मुलाला रागावले नाहीत, माझी समजूत काढली नाही. नुसतं पाणी प्यायले. मी या माणसाच्या प्रेमात का पडले असं कोणी विचारलं तर मी तो पेला दाखवीन.

पण म्हणून माझा राग गेलाय असं समजू नका, हिंमतराव. चेफालूतून निघताना तुम्ही म्हणाला होतात, "पुण्याला गेलो का सगळ्यांले सांगतो. दिवाळी झाली का लग्नाची नोंदणी करू." दिवाळी झाली. संक्रांत झाली. मग मंडईत राधाताई भेटल्या. "कौशल्यावहिनी, किती वाळलात!" तुम्ही कोथिंबिरीची जुडी अशी निरखत राहिलात, जसं काही तिच्यात धरणाचा नकाशा आहे. ओ मलाच द्यावी लागली. त्या दिवशी मी जेवले नाही. तुम्ही विचारलंत, काय झालं? मी म्हटलं, पित्त. तुमच्या घराण्याचा आजार मलाही लागला.

भांडायचं राहून गेलं ते गेलंच. मार्चमध्ये तुम्ही मोरीच्या दारात कोसळलात. अभिनवला मीच फोन केला. आधी बरे व्हा, मग मी तुम्हाला सोलून काढते.

प्रेमला


कोथरूड, २२ ऑगस्ट

हिंमतराव,

सप्रेम जयभीम. आज इथे रेघ नाही, वेळ कमी आहे.

सृष्टीने कळवलं, अभिनवला कंपनी जर्मनीला पाठवते आहे, ती दोघंही जाणार. गणपती झाले की तुम्हाला अकोल्याला सुखदेवरावांकडे ठेवायचं ठरतंय. तिथे दिवसरात्र एक माणूस ठेवतील. चांगलीच सोय आहे. मोकळी हवा, आपली माणसं. मला फक्त कोणी विचारलं नाही.

मी अभिनवला फोन केला. उचलला त्याने, वाईट मुलगा नाही तो. म्हणाला, "काकू, मी अजून म्हणतो, बाबांनी एकदा म्हणू दे." मी म्हटलं, अरे, त्यांच्या डोळ्यांत बघ. तो म्हणाला, "बघतो. मला तिथे आई दिसते." तिथे आई असेलच की. माझ्याआधी चाळीस वर्षं ती होती.

तर आता ते राखून ठेवलेलं. सृष्टी, हे रविवारी वाच, अभिनव घरात असताना. लपून नको.

तुम्ही लिंबू आणायला गेलात. मी पोह्यांवर ताटली झाकली. पाऊस वाढला. पोहे गार झाले, तुमचा पत्ता नाही. तुमचा फोन पलंगावर. त्या गावच्या गल्ल्या सगळ्या एकसारख्या, तीच हिरवी दारं, तेच वाळत घातलेले आणि भिजलेले कपडे. हॉटेलचं नाव तुम्हाला शेवटपर्यंत पाठ झालं नव्हतं. मला ना भाषा येते ना रस्ता. परक्या मुलखात हा माणूस हरवला, आता मी कोणाला काय सांगू, आणि "तुम्ही त्यांच्या कोण" असं विचारलं तर कोणतं नाव सांगू, हेच डोक्यात.

आणि खालून हाक आली.

मी गॅलरीत धावले. गल्लीच्या मधोमध तुम्ही उभे. टक्कल पावसात चमकतंय, चष्मा खिशात, हातात लिंबांची पानांसकट फांदी. कोणतं दार आपलं ते कळेना म्हणून डोकं वर करून, शेतातून हाळी देतात तशी हाक मारत होतात. माझ्या नावाने. माझ्या स्वतःच्या, आईने ठेवलेल्या. ते मी इथे लिहीत नाही, ते तुम्ही म्हणायचं आहे.

समोरच्या घरातल्या म्हातारीने खिडकी उघडली, तिच्या भाषेत काही विचारलं. तुम्ही तिला सांगितलं, "माय वाइफ! माय वाइफ!" आणि पुन्हा हाक. म्हातारीला काय कळलं कोण जाणे, तीही खिडकीतून वाकून तुमच्यासारखीच हाक मारायला लागली. उच्चाराची पार वाट. मग तिच्यावरच्या मजल्यावरचा गंजीफ्रॉकातला बाबा. मग कोपऱ्यावरचा पाववाला. अख्खी गल्ली माझं नाव घेत होती, हिंमतराव, आणि मी वर उभी राहून नुसती रडत होते. ओ देता येईना. एक्स्चेंजमध्ये आम्हाला नंबर असायचे, नाव कोणी घेत नसे. टूरवर मी दुसऱ्याच बाईचं नाव घालून फिरत होते. एवढ्या मोठ्याने माझं नाव जन्मात कोणी घेतलं नव्हतं.

तुम्ही वर पाहिलंत आणि काय चिडलात! "कवापासून हाका मारून राहिलो! बहिरी झाली काय?"

गल्ली टाळ्या वाजवत होती. त्या दिवसात आपण काहीच केलं नाही. पोहे खाल्ले, पाणी प्यायलो, झोपलो. पण मला परत एक दिवस देतो म्हणालं कोणी, तर मी तोच मागेन.

हिंमतराव, ही शेवटची संधी आहे असं समजा. मी तुमच्या वर, गॅलरीत उभी आहे. तुम्हाला दार सापडत नाहीये. मला बोलवा. तुम्ही गल्लीत उभं राहून काय हाक मारलीत?

सृष्टी, इथे हवं तेवढं थांब. तू सांगू नकोस. पुढे काही लिहिलेलं नाही.

"_____."


कोथरूड, २९ ऑगस्ट

चि. सृष्टी हिला,

अनेक आशीर्वाद. हे पत्र तुझं आहे, वाचून दाखवू नकोस.

तुझा फोन आला तेव्हा माझ्याने नीट बोलवलं नाही, म्हणून लिहिते. तू रडत होतीस त्यामुळे सगळं उलटसुलट सांगितलंस. मी पुन्हा जुळवलं. तू शेवटच्या रेघेशी थांबलीस. अभिनव पाण्याची बाटली घ्यायला आला तो दारातच उभा राहिला. हिंमतरावांनी तोंड उघडलं, मिटलं, उघडलं. गळ्याच्या शिरा फुगल्या. आणि स्वच्छ म्हणाले, "कौशल्या." मग पुन्हा, "कौशल्या. घरी."

अभिनवने त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि लहान मुलासारखा रडला. "बाबांना आईच्या घरी जायचंय." साहजिक आहे. इतक्या महिन्यांत बापाच्या तोंडचा पहिला शब्द, आणि तो आईचं नाव. त्याच्या जागी मी असते तर मीही दुसऱ्या कोणाचं ऐकलं नसतं.

तू म्हणतेस, मी अभिनवला सांगते, टूरवर काकूंनाच कौशल्या म्हणत होते, बाबांनी त्यांनाच हाक मारली. तू चांगली पोर आहेस. पण नको.

त्यांनी कोणाला हाक मारली हे मला माहीत नाही, सृष्टी. देवाशपथ म्हणाले असते, पण आमच्यात ती पद्धत नाही. खरंच माहीत नाही. चारचौघांत मला त्या नावाने बोलवून त्यांची जीभ वळली होती, चेफालूची गोष्ट ऐकून तेच तोंडात आलं असेल. किंवा त्या पावसात त्यांना मी दिसलेच नसेन. सगळं पुसलं गेलं की माणूस खालच्या थरावर जातो, आणि तिथे कौशल्याबाई आहेत. ऑपरेटरला एवढंच कळतं की कॉल आलाय. कोणासाठी, ते पलीकडचा सांगतो. पलीकडच्याला दुसरा शब्द येत नाही.

आणि समज तू सांगितलंस. अभिनव म्हणेल, माझ्या आईचं नावसुद्धा सोडलं नाहीत का? आणि त्यात त्याचं काही चुकणार नाही.

खोटं कशाला बोलू, मी काल सकाळी तुमच्या सोसायटीत आले होते. सांगायलाच आले होते. सगळं ठरवून, बसमध्ये घोकत. गेटवर तुमचा नेहमीचा वॉचमन बजरंग नव्हता, नवा माणूस होता. त्याने विचारलं, "कोणाकडे?" मी म्हटलं, देशमुखांकडे. त्याने फोन उचलला आणि म्हणाला, "नाव सांगा, वर विचारतो."

मला नाव सांगता येईना. खरं नाव सांगितलं तर अभिनव नाही म्हणणार. आणि वर जाऊन मी सांगणार काय होते? की कौशल्या ती मीच. म्हणजे हिंमतराव परत कोथरूडला आले असते, पण माझ्या नावाने नाही. उरलेलं आयुष्य मी परत टूरवर. पलंगावरून ते "कौशल्या" म्हणणार आणि मी ओ देणार, मंडईत दिली तशी. मी इतकी हपापलेली आहे, सृष्टी, की तेही चाललं असतं मला. खरंच चाललं असतं. तेच मला त्या गेटवर कळलं आणि माझीच मला भीती वाटली. मी त्या माणसाला म्हटलं, राहू दे, चुकीच्या गेटवर आले. आणि परतीच्या बसमध्ये बसले. हिंजवडीच्या चौकात गाड्या अशा तुंबल्या होत्या की रडायला भरपूर वेळ मिळाला.

तू जर्मनीला जा, सुखात राहा. त्यांच्या बॅगेत पांढरी टोपी घाल, ती त्यांना लागते. पोह्यांवर लिंबू पिळायला सांग तिथल्या माणसाला. नाहीतर ते खाणार नाहीत आणि का ते सांगताही येणार नाही.

प्रेमलाकाकू


कोथरूड, १८ सप्टेंबर

हिंमतराव,

सप्रेम जयभीम.

हे पत्र अकोल्याच्या पत्त्यावर टाकते आहे. तिथे ते कोणी वाचून दाखवणार नाही. सुखदेवराव पाकिटामागचं "ओव्हाळ" बघतील आणि कुठेतरी खोचून ठेवतील. तरी लिहिते. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या लाइनी जोडल्या, पलीकडे कोणी नसलं तरी घंटा वाजते एवढं मला ठाऊक आहे.

सृष्टीचा मेसेज आला होता, तुम्ही पोचल्यावर. प्रवास चांगला झाला म्हणे. तिथे कौशल्याबाईंच्या फोटोसमोर तुमचा पलंग लावलाय. तुम्ही फोटोकडे बघून पुन्हा नाव घेतलंत, सगळ्यांना भरून आलं. मला दुखवायला म्हणून ती हे लिहिणार नाही, तिला वाटलं असेल मला सगळं कळायला हवं. कळलं.

चेफालूच्या त्या दिवसाचा शेवट मी लिहिलाच नव्हता. बरं झालं. तो औषधाचा नव्हता.

संध्याकाळी बस परत आली. जिन्यात पिशव्यांची खडखड. राधाताईंनी विचारलं, "काय केलं मग दिवसभर?" तुम्ही म्हणालात, "काही नाही, विश्रांती." तुमच्या खिशात लिंबाची फांदी होती, पानं बाहेर आली होती, कोणी पाहिली नाहीत. मग आपण सगळ्यांबरोबर जेवायला निघालो. तुम्ही दाराशी खिसे चाचपलेत, आणि त्यांच्या देखत मला म्हणालात, "कौशल्या, चावी तुझ्याकडे ना?"

मी चावी दिली.

दिवस तिथेच संपला, हिंमतराव. अकोल्याला नाही, दवाखान्यातही नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं, पण माझ्या कानात ती गल्ली होती.

इथे आज सकाळपासून झड लागली आहे. मी पोहे केले आणि एकटीने खाल्ले. लिंबू पिळलं. रागवायचं म्हणून पुष्कळ साठवलं होतं, आता तुमच्यावर रागवताही येत नाही. कोण दमून जात नाही इतक्या दूर ओरडून?

तुम्ही तिकडे जे नाव घेता ते घेत जा. सगळे खूश होतात, तुम्हालाही बरं वाटत असेल, आणि ती चांगली बाई होती असं तुम्हीच मला सांगितलं आहे. पण कधी असा पाऊस पडून राहिला, तो माणूस बाहेर तंबाखू मळत बसला, आणि खोलीत कोणी नसलं, तर एकदा प्रयत्न करा. मोठ्याने नको. नुसते ओठ हलवा. तेवढं मला पुरेल, आणि पुरलं हे मला कधी कळणारही नाही.

आज मी खाली नाव लिहीत नाही. ते तुम्ही म्हणायचं.

तुमची,

_____